खडूचा माळ

माळ म्हणजे काय, हे मला आजतागायत कुणाला इंग्रजीत धड सांगता आलेलं नाही. हिल म्हणावं तर माळ म्हणजे डोंगर नव्हे. फील्ड म्हणावं तर तिथं कुणी काही पेरत नाही. प्रेअरी म्हटलं की माझ्या मुलीच्या डोळ्यांपुढे छकड्यातून चाललेल्या टोपीवाल्या बाया उभ्या राहतात. "मॉम, इट्स जस्ट ग्रास," म्हणून ती मोकळी होते. आता तिला काय सांगणार, कप्पाळ? इथं पूर्व किनाऱ्याजवळच्या हर्नडनमध्ये वाढलेली पोर ती. गवत म्हणजे दर गुरुवारी माणूस येऊन कापून जातो ते, एवढंच तिला ठाऊक.

आईला विचारलं तर ती झटक्यात सांगायची. "नांगर लागत नाही आणि माणूस लपत नाही, तो माळ." आई माण तालुक्यातली, म्हणजे माळाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिच्या माहेरचा माळ काळ्या दगडाचा. आमच्या नशिबी आला तो पांढऱ्या दगडाचा, पार कॅन्ससच्या पश्चिम टोकाला. बाबा डॉक्टर होते, आणि ज्या गावात यायला इथला एकही डॉक्टर तयार नव्हता, त्या गावानं त्यांना बोलावून घेतलं. मी तेव्हा पाच वर्षांची. गावात एक धान्याचं कोठार, दोन चर्च, बाबांचा दवाखाना आणि आम्ही. गावाबाहेर पडलं की लगेच माळ सुरू व्हायचा, एकामागून एक चढ-उतार, नजर जाईल तिथवर. झाड नावाला नाही. कुंपणाचे खांबसुद्धा दगडाचे, कारण लाकूडच मिळायचं नाही.

बाबांना प्रत्येक गोष्टीचा शब्द शोधायची खोड. डिक्शनरी घेऊन बसले आणि एका संध्याकाळी जाहीर केलं, की खडूच्या जमिनीवरच्या असल्या गवताळ टेकड्यांना इंग्लंडात डाउन्स म्हणतात. आई पोळ्या लाटत होती. "चढायचं वर आणि म्हणायचं डाउन? त्यांचं त्यांना लखलाभ," ती म्हणाली. "आपला माळच बरा."

मग तो माळच झाला. गावातली माणसं त्या भागाला पॅश्चर म्हणत. तो ज्यांच्या मालकीचा, ते वॉल्टरकाका त्याला नुसतं 'वरचं' म्हणत. आम्ही म्हणायचो माळ. अख्ख्या काउंटीत तो शब्द माहीत असलेली आम्ही तीन माणसं होतो. काही दिवस चार होतो.

गेल्या सप्टेंबरात, इथं हर्नडनच्या माझ्या स्वयंपाकघरात शेंगा निवडता निवडता आई म्हणाली, "मला माळावर ने. आठवतंय तोवर ने."

कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. मला भाऊ झाला होता. मी सात वर्षांची असताना, मार्चमध्ये झाला आणि नवव्या दिवशी गेला. बारसं बाराव्या दिवशी होतं, त्यामुळे तो बिननावाचाच गेला. पण आईनं नाव ठरवलेलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनासुद्धा नाही, कारण बारशाआधी नाव बाहेर फोडत नाहीत. तिला आता तिथं जाऊन, त्याच्यापाशी बसून, त्याचं बारसं करायचं होतं. आत्याच्या जागी मी. आई ते नाव माझ्या कानात सांगणार आणि मी वाकून त्याला कुर्र करणार. एवढंच तिचं मागणं होतं.

आणि घाई होती. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की विसरायला होतंय ते आता वाढत जाणार. आधी औषधांची नावं गेली, मग शेजारणींची. मी म्हटलं, "आई, मला आत्ता सांगून ठेव ना. मी फोनमध्ये लिहून ठेवते, कुणाला दाखवणार नाही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा विचारलं नाही. "बारशाआधी?" ती म्हणाली. "तेवढं एक तरी रीतीनं होऊ दे त्याचं."

मी जायला हवं होतं. सप्टेंबरातच जायला हवं होतं. पण ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मग बेसमेंटची फरशी, मग थँक्सगिव्हिंग, मग म्हटलं आता थंडीत तिथं काय दिसणार, एप्रिलमध्ये जाऊ. हाताशी हवा तेवढा वेळ असल्यासारखी मी वागत राहिले. आता स्वतःला कितीही शिव्या घातल्या तरी काय उपयोग.

त्या माळाला वास होता. उन्हाळ्यात तापलेल्या गवताचा, आणि पाऊस पडून गेला की ओल्या पाटीचा, शाळेतल्या. खडूच तो सगळा. ओढ्याच्या कडेला दरड कापल्यासारखी दिसायची, पांढरीफेक, हात लावला की बोटं माखायची. आई तिथून ढेकळं आणायची आणि खलबत्त्यात कुटून, ओढणीतून चाळून रांगोळी करायची. दिवाळीत आमच्या लाकडी पायऱ्यांवर ती रांगोळी पाहायला बाबांचे पेशंट यायचे. मला बाराखडी शिकवली तीही त्याच ढेकळांनी, दवाखान्याच्या मागच्या हिरव्या दारावर. घरात आईशी मराठीत बोलायला मी सोडून कुणी नव्हतं, बाबा दिवसभर बाहेर, म्हणून माझं मराठी टिकलं. त्यात माझी काही कर्तबगारी नाही.

त्या खडूत शार्कचे दात सापडायचे. खरेखुरे, तपकिरी, अजून धार असलेले. बाबा म्हणाले इथं पूर्वी समुद्र होता. आईनं एक दात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि "मेले समुद्रसुद्धा जातात," म्हणून देवघराशेजारच्या वाटीत ठेवून दिला.

आणि कुसळं. गवत पिकलं की कुसळं साडीच्या काठात, मोज्यात, माझ्या वेणीतसुद्धा घुसायची. संध्याकाळी आई पायरीवर बसून ती एकेक उपटायची, आणि तेव्हा तिचा चेहरा असा निवांत असायचा, की तिला कुणी हाक मारू नये. माहेरच्या कुसळांत आणि इथल्या कुसळांत फरक नाही, असं ती म्हणायची. माळावर कुंपणाच्या खांबावर एक पिवळ्या छातीचा पक्षी बसून गायचा. त्याला ती चंडोल म्हणायची. तो चंडोल नव्हता, हे मला खूप नंतर कळलं. तिला मी कधी सांगितलं नाही.

तो गेला त्या दिवसाचं मला थोडंच आठवतं. स्टोव्हवर दूध उतू गेल्याचा वास. बाबा दवाखान्याच्या कोटातच घरी आलेले. काय झालं, कसं झालं, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि नंतर मीही विचारलं नाही. चर्चच्या बायका झाकलेली भांडी घेऊन आल्या. प्रत्येक भांड्यात मांस होतं, आणि प्रत्येक बाई आईचा हात धरून रडली. आईनं सगळ्यांना थँक्यू म्हटलं. फ्रीज आठवडाभर भरलेला होता आणि आम्ही दूध-भात खात होतो.

एवढ्याशा मुलाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. गावाच्या सिमेटरीत जागा होती, पण आई म्हणाली तिथं नको, माळावर. वॉल्टरकाका एका शब्दानं हो म्हणाले. बाबांनी आणि त्यांनी खणलं. आई बाळंतीण, ती गेली नाही. पण तिनं बाबांना बजावून सांगितलं होतं, की वर दगड रचा, कोल्हं उकरतं. तिच्या माहेरी असंच करत. बाबांनी ओढ्यातून पांढरे दगड आणून वर रचले आणि भोवती गोल केला.

महिन्यानं आई पहिल्यांदा तिथं गेली. मी बरोबर होते. हिरव्या चढावर तो पांढरा गोल लांबूनच दिसला. ती त्याच्याशेजारी बसली, गवतावरून हात फिरवत राहिली, आणि उठताना म्हणाली, "बरं झालं, दिसतोय." पुढची तीस वर्षं त्या रस्त्यानं गाडी गेली की आई काच खाली करायची. थंडी असो नाहीतर धूळ. गोल दिसला की काच वर. आम्ही कुणीच त्यावर बोलायचो नाही.

एप्रिल आला की बाबा एका रविवारी व्हिजिटला जातो म्हणून जायचे आणि पँट पांढरी करून यायचे. "कुठल्या गोठ्यात पेशंट तपासता हो तुम्ही?" आई ओरडायची आणि पँट भिजत घालायची. बाबा हसायचे नुसते.

बाबा रिटायर झाले तेव्हा मी त्यांना हर्नडनला आणलं. मीच आणलं, हट्टानं. दोन म्हातारी माणसं तिथं एकटी, जवळचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, आणि माझ्याकडे खाली रिकामी खोली. आई निघायला तयार नव्हती. बाबा तिला म्हणाले, "दगड कुठं जातात का? आपण वर्षा-दोन वर्षांनी येऊ." मग बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, मग गुडघे, आणि सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. एकदाही जाणं झालं नाही.

तर या एप्रिलमध्ये आम्ही निघालो. डेन्व्हरपर्यंत विमान, तिथून गाडी. आईनं पिशवी भरली होती. तिनं शिवलेलं झबलं आणि टोपडं, हळदकुंकवाची डबी, आणि झिपलॉकमध्ये घुगऱ्यांसाठी हरभरे. हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये मी ते हरभरे तीनदा शिजवले तरी निम्मे कडक राहिले. "असू देत," आई म्हणाली. "त्याला कुठं दात आहेत." आणि स्वतःच हसली. त्या सकाळी ती अगदी टवटवीत होती. मला वाटलं, चला, जमलं बाई.

वॉल्टरकाका कधीच गेले. त्यांचा मुलगा डेल फाटकाशी उभा होता, माझ्याच वयाचा, टोपी काढून. त्यानं आईला मिठी मारली. आईला तो ओळखू आला नाही, पण तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्याच्या पिकअपमधून आम्ही चढापर्यंत गेलो. काच खालीच होती. आई पाहत होती. मीही पाहत होते. डावीकडे गवत, उजवीकडे गवत, पुढे तसलाच दुसरा चढ.

"थांबव," आई म्हणाली. आम्ही उतरलो. "कुठं गेला?"

मी म्हटलं पुढच्या चढावर असेल. तिथं गेलो, मग त्याच्या पलीकडे गेलो. आईला चालवेना, तरी ती माझा दंड धरून चालत राहिली. खाली वाकून गवत बाजूला सारून पाहायची. शेवटी डेल माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉकनं तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

गावात बाबांना सगळे डॉकच म्हणत. मग त्यानं सांगितलं. ओढ्यातला दगड टिकत नाही. खडूच तो. हिवाळ्यात आत पाणी गोठतं, दगड फुटतो, त्याची भुकटी होते आणि पावसात वाहून जाते. चार-पाच हिवाळ्यांत ढिगाऱ्याचा मागमूस राहत नाही. बाबांच्या ते पहिल्या एक-दोन वर्षांतच लक्षात आलं होतं. दर एप्रिलमध्ये ते ओढ्यातून नवे दगड गाडीत भरायचे, एकटेच वर आणायचे, आणि तोच गोल पुन्हा रचायचे. वॉल्टरकाकांनी मदत देऊ केली तर नको म्हणायचे. "माझे वडील गेल्यावर जागा एकट्या डॉकलाच नेमकी माहीत होती," डेल म्हणाला. "ते गाव सोडून गेल्यावर तीन-चार वर्षं मला थोडं पांढरं दिसायचं. मला वाटलं तुम्ही आता येणार नाही. आय ॲम सो सॉरी, मॅम."

आई आमच्याकडे पाहत होती. "काय म्हणतो तो?"

मी तिला सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं, पण मला सुचलं नाही.

वारा होता, तिचा पदर उडत होता, आणि मी तो नुसता धरून उभी होते. मला बाबांचा राग आला. इतका राग मला त्यांचा ते जिवंत असताना कधी आला नव्हता. इथं फूट-फूट जाडीचे दगडी खांब शंभर वर्षं कुंपणात उभे आहेत, त्यातला एक रोवता आला नसता? आणि आम्हाला इथून हलवताना तोंडातून 'दगड कुठं जातात का' निघालं तरी कसं? माझाही राग आला. आमच्या घरचे सगळे काळ्या दगडाच्या मुलखातले. तिकडे पुरुषभर पाऊस पडला तरी दगड जागचा हलत नाही. दगड विरघळतो हे आमच्या डोक्यातच कधी आलं नाही. ज्या माणसाच्या आलं, त्यानं ते एकट्यानं तीस वर्षं वाहिलं.

"मला सांगायचं होतं त्यांनी," आई म्हणाली. "मी इथून निघालेच नसते."

मग ती जिथं उभी होती तिथंच खाली बसली. "इथंच धरू," म्हणाली. "माळच आहे सगळा. त्याला ऐकू येईल." मी तिच्यासमोर झबलं-टोपडं मांडलं, हळदकुंकू वाहिलं, कागदाच्या बशीत हरभरे ठेवले. डेल लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला. आईनं मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानाला तोंड लावलं, हाताचा आडोसा करून, लहान मुलं करतात तसा.

मी वाट पाहिली. तिचा श्वास कानाला लागत होता. काहीच आलं नाही. मी मान वळवून पाहिलं तर तिचे डोळे माझ्याकडे नव्हते, गवताकडे होते, आणि ओठ काहीतरी जुळवत होते, पुन्हा सोडून देत होते.

"तुला मी सांगितलं होतं का गं?" तिनं विचारलं.

"काय?"

"नाव."

मी हो म्हणायला हवं होतं का? एखादं नाव पटकन घ्यायला हवं होतं का, मिलिंद, मंदार, काहीही? आता वाटतं हो. पण तेव्हा माझ्या तोंडून "नाही, आई" बाहेर पडून गेलं होतं.

"कालपर्यंत होतं," ती म्हणाली. "विमानात होतं." आणि मग तिनं हरभऱ्यांची बशी उचलून माझ्या हातात दिली. उगाच, काहीतरी हातावेगळं करायचं म्हणून. मी ते हरभरे गवतात टाकले. झबलं मी परत पिशवीत घालायला लागले तर तिनं ते काढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. गाडीत बसली तरी मांडीवरच होतं.

डेन्व्हरचा रस्ता चार तासांचा. गाव मागे पडलं. मग मी नावं घ्यायला सुरुवात केली. त्या काळी ठेवायचे ती सगळी. "मिलिंद?" "नाही." "शिरीष?" "नाही." "हेमंत, अभय, संजय?" "एकेक घे," ती म्हणाली. मी एकेक घेतलं. तिच्या भावांच्या मुलांची नावं घेतली, बाबांच्या कॉलेजातल्या मित्रांची, देवांची, जुनी, मोठी, लांबलचक. ती प्रत्येक नाव ऐकायची, जरा थांबायची आणि मान हलवायची. बर्लिंग्टन मागे पडलं, लायमन मागे पडलं. माझ्याकडची नावं संपत आली होती.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते नाव मी मघाशीच घेऊन बसले असेन. घेतलं असेल, ती थांबली असेल, आणि मान हलवली असेल.

मी गाडीचा वेग कमी केला. आई समोर रस्त्याकडे पाहत होती, टोपड्याचे बंद बोटाला गुंडाळत.

"पुढचं," ती म्हणाली.

मी पुढचं घेतलं.